पहिल्या सत्रातील अंधार
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



मराठी शाळेत अग्रेसर असलेला विद्यार्थी महाविद्यालयात इंग्रजी व्याख्यान ऐकताच गोंधळतो आणि ‘आपण मुळातच मंद’ ही शंका त्यास पोखरू लागते.

१८८८ साली भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात मोहनदास गांधींची हीच अवस्था झाली. व्याख्याने समजेनात, पहिले सत्र संपताच ते घरी परतले. दोष प्राध्यापकांचा नव्हता, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे लंडनच्या मॅट्रिक परीक्षेत ते लॅटिनमध्ये अनुत्तीर्ण झाले. पुन्हा बसून उत्तीर्ण झाले आणि १८९१ साली बॅरिस्टर झाले. कच्ची तयारी म्हणजे मंद बुद्धी नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

विद्यार्थिमित्रहो, न समजलेले त्याच दिवशी टिपून ठेवा आणि निःसंकोचपणे प्राध्यापकांना विचारा. पालकहो, गुणांआधी मुलांच्या जेवणाझोपेची चौकशी करा. घरी सांगवत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या शासकीय ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

आज गळ्यात पडलेला हार उद्या कोणास ओझे वाटू नये. एका परीक्षेत मागे पडलेला मुलगाही या ज्ञातीस तितकाच प्रिय आहे.