संकोचाआडचे दुखणे

(बोईसर येथील महिलांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोईसरमध्ये 'पाळी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात आज पहिली पाळी आहे की रात्रपाळी, याची चर्चा स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवरही मोठ्याने चालते. दुसऱ्या पाळीचा उच्चार मात्र आवाज खाली आणूनच करावयाचा, अशी रीत आहे. ती पाळी कायमची थांबली की 'सुटले एकदाची' असे स्त्री स्वतः म्हणते, घरातली वडीलधारी मंडळीही म्हणतात आणि विषय तेथेच मिटतो.

प्रत्यक्षात काही त्रासांची सुरुवात तेथूनच होते. अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घाम फुटणे, झोप उडणे यांविषयी स्त्रिया आता थोडेफार बोलू लागल्या आहेत. परंतु योनिमार्गाचा कोरडेपणा, तेथील आग व खाज, शरीरसंबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदना, लघवीची जळजळ, पुनःपुन्हा लघवीला जावे लागणे या तक्रारी सख्ख्या बहिणीजवळही क्वचितच सांगितल्या जातात. वयाचा भोग समजून वर्षानुवर्षे अंगावर काढले जाणारे हे दुखणे बहुतेक वेळा साध्या उपचाराने आटोक्यात येते.

मासिक पाळी सलग बारा महिने आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. सुश्रुतसंहितेत या अवस्थेचे वय पन्नास वर्षे सांगितले आहे. आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत ती त्याआधीच, चाळिशीच्या उत्तरार्धात, येते. या सुमारास बीजांडकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. योनिमार्गाचे अस्तर जाड, ओलसर व लवचिक राहते ते याच संप्रेरकामुळे. ते कमी झाले की अस्तर पातळ व कोरडे पडते, जरा घर्षण झाले तरी सोलवटते. आतील उपकारक जंतू तेथे आम्लता राखून रोगजंतूंना दूर ठेवीत असतात. त्यांचीही संख्या रोडावते. मूत्रमार्ग व मूत्राशयाचे तोंड याच संप्रेरकावर पोसलेले असल्यामुळे लघवीच्या तक्रारीही सोबत येतात. गरम वाफांचा त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतो. हा त्रास मात्र उपचाराविना सहसा ओसरत नाही, उलट वाढत जातो, आणि म्हणूनच 'थोडे दिवस सोसले की जाईल' हा सल्ला येथे लागू पडत नाही.

या भागातील कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत आणखी काही गोष्टींची भर पडते. कामाच्या जागी सोयीचे स्वच्छतागृह नसेल तर ती पाणीच कमी पिते. मासळीची पाटी घेऊन पहाटे निघालेली कोळीण आणि भातलावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकलेली आदिवासी भगिनी, यांचीही तीच गत. लघवी कोंडून ठेवणे व पाणी कमी पिणे यांमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाला आयतेच निमंत्रण मिळते. मग दुकानातून गोळ्या आणावयाच्या, दोन दिवस बरे वाटावयाचे आणि महिन्याभराने पुन्हा तेच. मूळ कारण मात्र कोणी शोधीत नाही. तारापूर वसाहतीत औषधांची मूलद्रव्ये बनविणारे कारखाने आहेत. त्यांच्या कुंपणालगत राहणाऱ्या स्त्रीला आपल्या दुखण्याचे औषध ठाऊक नसावे, हा विरोधाभास खेदजनकच म्हटला पाहिजे.

या मौनाची व्याप्ती किती मोठी आहे, हे महाराष्ट्रातच प्रथम मोजले गेले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ही पाहणी सर्व वयांच्या स्त्रियांची होती, केवळ रजोनिवृत्त स्त्रियांची नव्हे. परंतु कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपलीकडे स्त्रीच्या शरीराची विचारपूस होतच नाही, ही गोष्ट तिने जगापुढे मांडली. बाळंतपणाचे वय सरलेल्या स्त्रीची मग कोण विचारपूस करणार?

आता उपचारांकडे वळू. त्रास सौम्य असेल तर योनिमार्गात ओलावा टिकविणारी मलमे व शरीरसंबंधाच्या वेळी वापरावयाचे पाण्यावर आधारलेले वंगण एवढ्यानेही आराम पडतो. आतील भाग साबणाने वा जंतुनाशक द्रवाने धुण्याची सवय सोडून द्यावी. तिने कोरडेपणा वाढतो. बाहेरून साधे पाणी पुरेसे असते. खाजेवर दुकानदाराने दिलेली स्टेरॉइडयुक्त मलमे तात्पुरता आराम देतात, पण मनाने लावीत राहिल्यास त्वचा अधिक पातळ होते. त्रास अधिक असेल तर डॉक्टर इस्ट्रोजेनचे अल्प मात्रेचे मलम किंवा योनिमार्गात ठेवावयाची गोळी देतात. साधारणतः पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा, असा तिचा क्रम असतो. गुण दिसण्यास काही आठवडे लागतात व उपचार थांबविल्यास त्रास परतू शकतो. म्हणून चार दिवसांत निराश होऊन ट्यूब फेकून देऊ नये.

संप्रेरक म्हटले की कर्करोगाची भीती मनात उभी राहते. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर ही भीती जगभर पसरली. तो अभ्यास पोटात घ्यावयाच्या गोळ्यांचा होता आणि त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ वर्षे होते. योनिमार्गात लावावयाच्या अल्प मात्रेच्या मलमातून रक्तात जाणारे संप्रेरक अत्यल्प असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा औषधांवरील ठळक इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या भगिनींना स्तनाचा वा गर्भाशयाचा कर्करोग झालेला आहे, त्यांनी मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे औषध वापरू नये.

तपासणीचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. खाज मधुमेहातील बुरशीमुळेही येते. बाह्य भागावर पांढरे चट्टे असतील तर तो निराळाच त्वचारोग असू शकतो. पाळी थांबून वर्ष लोटल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी 'उष्णता झाली' म्हणून स्वस्थ बसू नये. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघते, पण तो गर्भाशयाच्या वा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा पहिला इशाराही असू शकतो.

दुसऱ्या टोकाची भीतीही खरी आहे. अंगावर पांढरे जाते वा पोट दुखते, एवढ्यावरून गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळालेल्या स्त्रिया थोड्या नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला व शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कोरडेपणा व जळजळ यांवर पिशवी काढणे हा उपचार नव्हे. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाच त्रास अधिक तीव्रतेने सुरू होतो. असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

प्रारंभ जवळच्या आरोग्य उपकेंद्रापासून वा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येतो. तीस वर्षांवरील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणीही राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. गरज पडल्यास तेथून डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी चिठ्ठी मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत.

राहता राहिला प्रश्न शब्दांचा. केसपेपर काढताना खिडकीपाशी सगळे सांगण्याची गरज नाही; 'बाईंची तक्रार आहे' एवढे पुरते. आत गेल्यावर मात्र 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिक घेऊन परत येऊ नये. 'पाळी जाऊन दोन वर्षे झाली, खाली कोरडे पडते, आग होते, नवऱ्याजवळ गेल्यावर दुखते' हे साधे मराठी डॉक्टरांना पुरेसे असते. तोंडाने सांगणे जडच वाटले तर कागदावर लिहून न्यावे, लिहिता येत नसेल तर आशाताईंना सोबत घ्यावे. शेवटची पाळी केव्हा आली, मधुमेह आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, हे आधीच आठवून ठेवावे. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका वा सोबतची बाई हजर असावी, अशी मागणी करण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे. ती करताना ओशाळे वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.