झिंक कुठे गेलं?

मी मूळची नांदेडची. हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयात, डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात काम करते. देगलूर, बिलोलीकडची माणसं अपघातानंतर थेट हैदराबाद गाठतात, त्यामुळे माझं मराठी शाबूत राहिलंय.

असाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा. मोटारसायकल, हेल्मेट नाही. चौथ्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी त्याच्या रक्तातलं झिंक तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला ४८. साधारण ७० ते १२० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असायला हवं. वडील तो कागद घेऊन माझ्यासमोर उभे. "म्याडम, हे कमी हाय की. रानात कमी निघालं तर आम्ही झिंक सल्फेट टाकताव. पोराला द्या की मग."

प्रश्न चोख होता. शिकाऊ असताना असे आकडे बघून मीही झिंक लिहून दिलंय, नातेवाइकांना बाहेरून विकत आणायला लावलंय. पण हा आकडा नेमकं काय सांगतो?

डोक्याला जोरदार मार बसला की सगळ्या शरीरात दाहाची लाट उठते. इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या यकृताला सांगतो, झिंक आत ओढून घे. रक्तद्रवात एरवीही शरीरातल्या एकूण झिंकच्या एक टक्क्याहून कमीच असतं. बाकी स्नायूंत, हाडांत. जे फिरतं तेही बहुतेक अल्ब्युमिनला धरून. अल्ब्युमिन उतरलं, सलाइनने रक्त पातळ झालं, की आकडा आणखी खाली. त्याच वेळी यकृत सेरुलोप्लाझ्मिन जास्त बनवतं, म्हणून तांबं वर चढतं. झिंक खाली, तांबं वर, सेलेनियमही खाली: हा दाहाचा ठसा. ताटात काय कमी होतं, ते यातून कळत नाही.

त्यात नमुन्याची भानगड. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही झिंक रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो. त्यासाठी गडद निळ्या बुचाची वेगळी नळी लागते, आणि रात्री दोन वाजता ती वॉर्डात सापडेलच असं नाही.

मी वडिलांना म्हटलं, "चुनखडीच्या काळ्या रानात झिंक असतं, पण पिकाला मिळत नाही. तसंच आहे हे."

ते लगेच म्हणाले, "मंग आम्ही पानावर फवारताव."

मी गप्प. कारण त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. अशा पेशंटच्या लघवीतून झिंक खरोखर जास्त वाहून जातं. सगळंच यकृतात लपलेलं नसतं. आणि फवारणी करून पाहिलेलीही आहे. अमेरिकेत केंटकीमध्ये ६८ पेशंटवर झालेला प्रयोग १९९६ साली छापून आला. जादा झिंक मिळालेल्यांच्या हातापायांची हालचाल जरा बरी सुधारली. त्यांच्यात मृत्यूही कमी झाले, पण ६८ माणसांत तो फरक योगायोगाचाही असू शकतो. एवढ्यावर मी औषधाची चिठ्ठी फाडणार नाही.

मॅग्नेशियमने तर आम्हाला चांगलंच शिकवलं. ते सूक्ष्म खनिज नव्हे, पण गोष्ट तीच. मार लागल्यावर मेंदूत ते घटतं. उंदरांना दिलं तर उंदीर सुधारले. मग सिएटलला ४९९ माणसांवर करून पाहिलं. २००७ सालचा निकाल: फायदा नाही, आणि जास्त मात्रेच्या गटात मृत्यू उलट जास्त. झिंकचंही मेंदूशी नातं दुधारी आहे. चेतापेशींच्या टोकाशी ते साठलेलं असतं. दुखापतीत ते भसकन बाहेर पडून शेजारच्या पेशी मारतं, असं उंदरांमध्ये दिसलंय. आणि तोंडाने महिनोन् महिने भरमसाट घेतलं तर ते तांबं शोषू देत नाही; त्यातून रक्तक्षय होतो, मज्जारज्जूही बिघडतो.

जुलाब थांबत नाहीत, मोठं भाजलंय, बरेच दिवस फक्त शिरेतून आहार चाललाय, अशांना मी झिंक देते, न कचरता. या मुलाला दुसऱ्या दिवसापासून नाकातल्या नळीने आहार सुरू होता, त्यात रोजचं झिंक होतंच. जादा दिलं नाही. वडिलांना ते पटलं असं मला वाटत नाही.

सहाव्या आठवड्यात दोघं तपासणीला आले. मुलगा चालत आला. उजवा हात जड होता, मला त्याने ओळखलं नाही. वडिलांनी जुना रिपोर्ट जपून आणला होता. "हे परत बघायचं का?"

मी नाही म्हटलं, आणि हाताच्या व्यायामाची चिठ्ठी लिहायला घेतली.