सोबत्याची वही वाचताना



वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखरानं ‘काव्यमीमांसा’ लिहिली आणि तीत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, ते याच वत्सगुल्मात! त्याच ग्रंथात त्यानं वाचणाऱ्यांचे, म्हणजे भावकांचे, प्रकार सांगितले आहेत. एक अरोचकी, त्याला काहीच रुचत नाही. दुसरा गवतासकट सगळं खाणारा, त्याला सगळंच छान. तिसरा मत्सरी. चौथा मर्म शोधणारा, आणि तो हजारात एखादा.

शाळा-कॉलेजातली मुलं स्वतःच्या आयुष्यावर निबंध लिहून एकमेकांना वाचायला देतात, तेव्हा हे चौघेही वर्गात हजर असतात. समजा, एका मुलीनं लिहिलं, ‘माझ्या मायनं माझ्यासाठी खूप कष्ट केले.’ एक मैत्रीण ‘मस्त’ म्हणून वही परत करते. दुसरी ‘माय’ खोडून ‘आई’ करते. पहिलीचा उपयोग झाला नाही. दुसरीनं तर नुकसान केलं. ऱ्हस्व-दीर्घ जरूर दाखवा, पण ‘माय’ हा काही चुकीचा शब्द नव्हे. घरातली वऱ्हाडी खोडली, की पुढच्या निबंधात तिची माय येतच नाही, पाठ्यपुस्तकातली आई येते.

त्यापेक्षा विचारावं, ‘कोणते कष्ट गं?’ मग ती सांगते, माय सोयाबीन सोंगायला पहाटेच निघायची, वाळल्या शेंगा हाताला टोचायच्या, रात्री भाकरी थापताना बोटं झोंबायची. ‘अगं, मग हेच लिही ना!’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. मात्र आधी आपल्याला भिडलेली एखादी ओळ बोट ठेवून दाखवावी, आणि प्रश्न एक-दोनच विचारावेत. लाल शाईनं भरलेलं पान पाहून कुणाला पुन्हा लिहावंसं वाटेल?

भावक हा कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य असतो, असं राजशेखर म्हणतो. वर्गसोबत्यानं यातलं मित्रपण तेवढं घ्यावं. आचार्य व्हायला गुरुजी आहेतच.

खरी नाजूक जागा पुढे आहे. निबंधात बापाचं कर्ज येतं, दारू येते. तिथे ‘तुझे बाबा असे कसे?’ हा प्रश्न नको, आणि ‘असलं लिहू नये’ हा उपदेशही नको. प्रसंग नीट समजला का, कुठे घाईत उरकला, एवढंच बोलावं. वहीतली गोष्ट डबा खाताना चघळू नये. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायची असेल, तर लिहिणारीला आधी एकटीला विचारावं. ती ‘नको’ म्हणाली, तर कारण न विचारता वही मिटून तिच्या हाती द्यावी.