डोक्याला बसलेला मुका मार

(तळेघर इथं तरुण खेळाडूंसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. तरी उद्याच्या सामन्यांआधी मला बोलायला बोलावलंत, कारण मी कधीकाळी कबड्डी खेळायचो. बरा खेळायचो असं मीच म्हणतो, दुसरं कुणी म्हणत नाही.

सुरुवात क्रिकेटनं करतो. ३१ जानेवारी २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना झाला. मुंबईच्या शिवम दुबेनं ५३ धावा केल्या. शेवटच्या षटकात ओव्हर्टनचा चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. मग क्षेत्ररक्षणाला त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि त्यानं तीन बळी घेतले. पुढं किती दिवस वाद चालला आठवतंय? अष्टपैलू खेळाडूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, ही लबाडी की नियम? आमच्या ऑफिसातही चहाच्या वेळी तेच. दुबेचं डोकं कसं आहे, हे मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मीही विचारलं नाही. दोन दिवसांनी वानखेडेवर तो पुन्हा खेळला. त्याच्या डॉक्टरांनी काय पाहिलं ते त्यांना ठाऊक, त्यावर मी बोलणार नाही. पण त्याच वर्षी आयसीसीनं नियम केला की सामन्यात कन्कशन झाल्याचं निदान झालं, तर किमान सात दिवस मैदानाबाहेर राहायचं.

कन्कशनला आपल्याकडं चांगला शब्द आहे, मुका मार. रक्त नाही, खोक नाही, पण आत लागलेलं असतं. कवटीत मेंदू पाण्यासारख्या द्रवात असतो. डोक्याला जोराचा झटका बसला की तो आत हलतो, त्याचे बारीक तंतू ताणले जातात. पेशींच्या आतले-बाहेरचे क्षार इकडचे तिकडे होतात. ते जागेवर आणायला पेशींना जास्त साखर लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद पडलेला नाही, दिवाही हिरवा आहे, पण साध्या कामाला तिप्पट वेळ लागतोय.

आता माझी गोष्ट. अकरावीत होतो. चढाईला गेलो आणि पकड करणाऱ्याचा गुडघा कानशिलावर बसला. पडलो, उठलो, माती झटकली. त्यानंतर मी आणखी तीन चढाया केल्या आणि एक गडी बादही केला म्हणे. 'म्हणे' अशासाठी की त्यातलं मला आजही काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं. ट्यूबलाइट सहन होईना. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली एकच ओळ चार-चार वेळा वाचायचो आणि पान उलटलं की कोरा. वर्गात साधा प्रश्न विचारला तर उत्तर माहीत असायचं, पण तोंडात यायला वेळ लागायचा. तेवढ्यात सर पुढच्या मुलाकडं वळलेले असायचे. चाचणीत नापास झालो. घरी धाकट्या बहिणीवर हात उगारला, जे मी कधीच केलं नव्हतं. दादी म्हणाली, पोराला नजर लागली. मामूंनी एकाकडं नेऊन फुंक मारून आणली, ताईत बांधला. अब्बांनी सीटी स्कॅनही काढून आणलं. ते स्वच्छ निघालं आणि तिथंच माझी पंचाईत झाली. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोरगं नाटक करतंय!

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मघाशी सांगितलेली ओढाताण त्यात दिसत नाही. हे मला कळलं दहा-बारा वर्षांनी, एका रात्री ऑफिसचं काम सोडून वाचत बसलो तेव्हा. तोवर मी समजत होतो की अकरावीचा अभ्यास मला झेपलाच नाही. त्या सहा आठवड्यांत रात्री पांघरुणात रडायचो. इंजिनिअरिंगचं स्वप्न सोडायचं ठरवलं होतं. अम्मीलासुद्धा सांगितलं नाही. काय सांगणार? डोकं चालत नाही असं?

म्हणून तुम्हांला एकच गोष्ट सांगायला आलोय. मार लागल्यावर पुढच्या दिवसांत चिडचिड, उदासपणा, भीती, झोप बिघडणं, विसरणं, हळू पडणं, ही त्या माराचीच लक्षणं आहेत. ती आळस नव्हे, उद्धटपणा नव्हे. नजर नव्हे, आणि भगताकडं नेऊन उतरवायची बाधाही नव्हे. ज्याला आधीच उदासी किंवा घोर असतो त्याला हे जास्त दिवस छळू शकतं. मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागतात. त्याहून लांबलं तर पुन्हा डॉक्टर गाठायचा.

शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झालं नाही, हा गैरसमज पहिला काढून टाका. दहातल्या एखाद्याचीच शुद्ध जाते. आणि पडलेल्याला कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारून पुन्हा उभं करणं, हे उद्या इथं दिसू नये.

या भागातल्या कितीतरी मुलामुली आश्रमशाळेत राहतात. आई जवळ असती तर तिला वागण्यातला फरक दिसला असता. वसतिगृहात तो शेजारच्या कॉटवरच्या मित्राला दिसणार. तेव्हा आई तुम्हीच. 'हा कालपासून वेगळाच वागतोय' हे वाक्य सरांपर्यंत पोहोचवणं म्हणजे चुगली नाही.

रमजानमध्ये तरावीहनंतर मध्यरात्रीपर्यंत टेनिस बॉल खेळणारेही इथं आहेत, मीही त्यातलाच होतो. तिथं हेल्मेट नसतं, दोन क्षेत्ररक्षक एकाच झेलामागं धावतात. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं तर रोज्यावर ढकलू नका. रात्री काय झालं ते आठवा.

घाईचं काय ते सांगतो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोलणं अडखळणं, हातापायात कमजोरी, न उतरणारी गुंगी, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. इथून मंचरला, पुण्याला पोहोचायला किती वेळ जातो ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता, त्यामुळं बघू, थांबू, हे चालणार नाही. १९९८ साली ढाक्यात रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. चेंडू डोक्याला लागला आणि तो स्वतःच्या पायानं चालत तंबूत गेला. तीन दिवसांनी वारला. अडतीस वर्षांचा होता.

बाकीच्यांनी पहिले एक-दोन दिवस आराम करायचा, मोबाइल शक्य तितका दूर ठेवायचा. मग थोडं चालणं, थोडा अभ्यास. लक्षणं वाढली की एक पाऊल मागं. पकडी आणि चढाया सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. आधीचं भरून यायच्या आत दुसरा मार बसला तर तो फार महागात पडू शकतो, कोवळ्या वयात जास्तच. अमेरिकेत झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा २००६ मध्ये डोक्याला लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळायला उतरला आणि कायमचा अपंग झाला. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं त्याच्या नावानं कायदा केला: कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर, लेखी परवानगीशिवाय परत नाही.

आपल्याला कायद्याची वाट बघायचं कारण नाही. कन्कशन झालेल्याच्या जागी पूर्ण खेळणारा बदली खेळाडू द्यायला आंतरराष्ट्रीय क्रिकेटला २०१९ उजाडावं लागलं. कबड्डीत संघ बारा जणांचा, सात मैदानात आणि पाच राखीव, हे आधीपासूनच आहे. आयोजक आणि पंच इथंच बसलेत, म्हणून त्यांना विचारतो. उद्या कुणाच्या डोक्याला लागलं तर खेळ थांबवून त्याला बाहेर घ्याल ना? गुण बरोबरीत असले तरी? आणि कप्तानांनो, बाहेर बसलेल्याला पुढच्या सामन्यात जागा राहील असं आजच रात्री संघाला सांगाल का? ती भीती नसती तर मी त्या तीन चढाया केल्या नसत्या.