डॉक्टर लेकरांची पुढची वाट



२०२४ साली हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. उद्या तिथलं लेकरू म्हणेल, "बाबा, अमेरिकेत रेसिडेन्सी करतो." मी गिरणी कामगार, पण चौकशी केली ती सांगतो. यूएसएमएलईच्या स्टेप १ व २, इंग्रजीची परीक्षा अन् ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र लागतं. २०२२ पासून स्टेप १ ला नुसतं पास-नापास. म्हणून स्टेप २ च्या गुणांना वजन आलं. अर्ज सप्टेंबरात, 'मॅच'चा निकाल मार्चमध्ये. उमेदवार अन् हॉस्पिटलं आपापली पसंती क्रमानं देतात, मेळ संगणक घालतो. तेव्हा जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. रेसिडेन्सीत पगार मिळतो, पण खर्च आधी येतो. शेत विकण्याआधी परीक्षेचा निकाल बघा.

बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला शिकायला गेले, ते समाजासाठी परतले. लेकरांनो, खुशाल जा. कळमनुरी-औंढ्याचा रोगी तेवढा विसरू नका.