मूत्राशयाचा कर्करोग : पेशींची जात आणि शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य



आज बोलावयाचे आहे ते पेशींच्या जातींविषयी. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग आतील अस्तराच्या पेशींपासून उद्भवतात. थोडे चपट्या पेशींचे वा ग्रंथिपेशींचे असतात. मिसर देशात चपट्या पेशींचे अर्बुद बिल्हार्झिया कृमीमुळे फार आढळत. तसा कृमिरोग आपल्या कोकणातही, रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी, १९५२ साली गाडगीळ व शाह या डॉक्टरांनी उजेडात आणला.

शस्त्रक्रियेनंतर रोगी किती जगेल, हे मुख्यतः रोग स्नायूत किती खोल उतरला व लसिकाग्रंथींत पोचला की काय, यावर ठरते. तथापि पेशींची जात गौण नव्हे. लहान पेशींचा विरळ प्रकार झपाट्याने पसरतो, म्हणून तेथे शस्त्रक्रियेपूर्वी औषधे देतात. यास्तव विकृतिशास्त्रज्ञाचा अहवाल मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

लघवीतून रक्त गेले की पुष्कळ घरी उष्णता समजून कोकमाचे सरबत पाजतात. वेदना नसली तर अधिकच निर्धास्त राहतात. खरे भय तेथेच! विडी-सिगारेट हे या रोगाचे प्रमुख कारण, आणि विडीचे बंडल कोणत्या ओटीवर नाही? आरोंद्याहून तेरेखोल ओलांडली की बांबोळीचे रुग्णालय मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. रक्त आपोआप थांबले तरी तेथे जाऊन तपासून घ्यावे.