‘लस देऊ नये’, पण कधीपर्यंत?



अध्यक्षाने भाषणात मोठ्या विषयावर बोलावे, असा रिवाज आहे. मी लसीकरणाच्या कार्डावरच्या तीन शब्दांवर बोलणार आहे.

दहा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील आले होते. शाळेत टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, लस होती; याला परत पाठवले. प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड निघाले. निळ्या शाईत ‘लस देऊ नये’. तारीख नाही, सही नाही. “पाचव्या वर्षी पायाले डाग उठले होते ना साहेब, तवापासून सुई बंदच हाये.”

ते डाग म्हणजे हेनॉक-शोनलाइन पर्प्युरा, आपल्या बोलण्यातला एचएसपी. पायांवर, ढुंगणावर जांभळे, हाताला जाणवणारे ठिपके. वरून काचेचा पेला दाबला तरी न विरणारे. प्लेटलेट्स मात्र ठणठणीत. जोडीला घोटे सुजतात, पोटात कळा येतात, कधी मूत्रपिंडालाही झळ लागते. ‘अॅलर्जिक पर्प्युरा’ या जुन्या नावाने फार नुकसान केले. अॅलर्जी म्हटले की आईबाप कारण शोधतात, आणि सुई आयती सापडते.

ती सापडते, कारण वय तेच. हा आजार चार ते सहा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो, आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर पाच-सहा वर्षांचाच. बहुतेकदा आधी सर्दी-घसा झालेला असतो. तो कोणी कार्डावर लिहीत नाही. लसीनंतर पर्प्युरा झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, त्या नाकारू नयेत. पण फ्रान्समधल्या २०१८च्या अभ्यासात प्रत्येक मुलाच्या आजाराआधीच्या तीन महिन्यांची तुलना त्याच्याच इतर काळाशी केली, तेव्हा लसीशी संबंध आढळला नाही.

थांबायचे प्रसंग आहेतच. आजार भरात असताना थांबावे. किलोमागे २ मिलिग्रॅम किंवा रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चौदा दिवस वा अधिक चालले असेल, तर एमआरसारखी (गोवर-रुबेला) जिवंत लस औषध बंद झाल्यावर निदान चार आठवडे लांबवावी. डीपीटी, टीडी जिवंत नव्हेत. त्यांना हा नियम लावू नका. आणि लसीनंतर डाग उठले, तर एईएफआयचा, म्हणजे लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेचा, अर्ज भरा. शंका तिथे नोंदवायची, कार्डावर निकाल लावायचा नाही.

लसीवर ठपका येणे नवे नाही. १९०२ साली तेव्हाच्या पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. लस मुंबईची, परळच्या प्रयोगशाळेतली. ठपका ती लस शोधणाऱ्या हाफकिनवर आला. तो निघायला १९०७ उजाडले. पण तिथे निदान चौकशी झाली, कागद हलले. आमच्या कार्डावरच्या शेऱ्याबद्दल पाच वर्षे कोणी उलटून विचारलेही नाही. मीही कधी कुणाचे असे शेरे मुकाट वाचून पुढे गेलो असेन.

दहा वर्षांच्या त्या मुलाचा बूस्टर हुकला तो हुकलाच. सात वर्षांनंतर डीपीटी देत नाहीत, म्हणजे डांग्या खोकल्याचा तो डोस गेला. रक्तदाब मोजला, लघवीत प्रथिने नव्हती, रक्त नव्हते. टीडी दिली, अर्धा तास बाकावर बसवले. वडील सारखे त्याची पँट गुडघ्यावर सरकवून पाय बघत होते. मी जुन्या तीन शब्दांवर आडवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली, सही केली. “पुढची सुई कधी?” त्यांनी विचारले. सोळाव्या वर्षी, म्हणालो, आणि तेही लिहून दिले.